वासरू डाव्या हाताला

मंगळवार, ११ जून

जॉस बर्केट येतोय!

फिलिपाचा सकाळी आठला फोन. आमच्या मंडळाची अध्यक्ष, आवाज असा की फोन हातभर लांब धरावा लागतो. "मर्विन, या वर्षी संमेलनाला कोण येतंय, सांग बघू! तुझा जुना मित्र! सव्वीस वर्षांनी!"

मित्र म्हणे. मी "वा, वा" म्हणालो. टोस्ट हातात तसाच राहिला. ऑड्रीनं विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं नाही कुणी. येतंय."

"मग तोंड कशाला असं?"

काय सांगू हिला? बेचाळीस वर्षांच्या संसारात ती एकदाही संमेलनाला आलेली नाही. तिच्या मते मी दर जूनमध्ये तीन दिवस दहा वर्षांचा होऊन येतो, आणि नवऱ्याची एवढी एक खोड चालवून घ्यायला हरकत नाही.

पाकीट टेबलाच्या खालच्या खणात आहे. मार्चपासून.

बुधवार, १२ जून

झोप नाही. सगळं लिहून काढतो. इथे तरी खरं असू दे.

आमची म्हणजे आम्हा चाहत्यांची सहा पुस्तकं, एकाच लेखिकेची. चार भावंडं, 'पेविट' नावाची एक शिडाची होडी, सरोवर, तंबू, बोटांना चिकटणारा मोरंबा. मी नऊ वर्षांचा असताना गोवर झाला होता, तेव्हा पहिलं वाचलं आणि नंतर त्यातून कधी बाहेरच आलो नाही. आमच्या मंडळात अशी दोनशे माणसं आहेत. दर वर्षी त्या सरोवराकाठी जमतो, होड्या हाकतो, वाद घालतो.

सगळ्यात मोठा वाद तिसऱ्या पुस्तकाचा. त्यात मुलांचा काका त्यांना तंबूची जागा सांगतो ती एका ओळीत: 'लांब बेट ओलांडा, आणि वासरू डाव्या हाताला ठेवून काठाला लागा.' बस. वासराचा पुढे उल्लेख नाही, चित्र नाही. मग ही जागा कुठली?

ते मी शोधलं! खलाशांच्या बोलीत मोठ्या बेटाशेजारच्या चिमुकल्या बेटाला 'वासरू' म्हणतात. लांब बेटाच्या पश्चिमेला एक बोडका खडक आहे, तेच वासरू. म्हणजे जागा पश्चिम काठाची. वार्तापत्राच्या खास अंकात पंचेचाळीस पानं आणि चार नकाशे. मी शाळेत भूगोल शिकवायचो, नकाशे काढण्यात माझा हात कोण धरणार? मंडळानं मला नकाशाप्रमुख केलं. अजूनही आहे.

आणि मग १९९८. शनिवारचं जेवण. जॉस बर्केट उभा राहिला. पूर्व काठावर हॅग एंड नावाचा मळा आहे, तिथला शेतकरी. तेव्हा साठीचा. पुस्तकं त्यानं त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा वाचली होती, मुलीनं आणून दिली म्हणून. इस्त्रीचा कोट, हातात घडी घातलेला कागद. म्हणाला, "ते वासरू म्हंजे वासरूच हाय. आमचंच व्हतं. तपकिरी. धक्क्यावरच्या खांबाला बांधायचो. मीच बांधायचो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पंचेचाळीस पानं! चार नकाशे! आणि हा सांगतो की गोठ्यातलं वासरू!

मी हंबरलो.

"हम्माऽऽ." मोठ्यानं नाही. शेजारच्या दोघांनाच ऐकू जाईल एवढं. ते हसले आणि हंबरले. मग पुढचं टेबल. मग अख्खी जेवणघराची शेड, सव्वाशे शिकलीसवरलेली माणसं, हम्माऽऽ हम्माऽऽ. जॉस कागद धरून उभा. आवाज थांबायची वाट बघत होता. थांबेना, तेव्हा बसला. गोड पदार्थ यायच्या आत निघून गेला. त्याचा कागद टेबलावरच राहिला होता, तो मी पुसायला घेतला. सॉस सांडला होता.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ ठीक. पुढच्या वर्षी कुणीतरी गंमत म्हणून पुन्हा हंबरलं. त्याच्या पुढच्या वर्षी सगळे. आता ती प्रथाच झालीय! शनिवारी पहिला प्याला उचलायच्या आधी सगळ्यांनी उभं राहून हंबरायचं. आमच्या कपांवर खलाशाची टोपी घातलेलं वासरू छापलंय. नव्या लोकांना वाटतं, किती गोड. का हंबरतो ते बहुतेकांना ठाऊक नाही. फिलिपासुद्धा विसरली असावी.

मी विसरलेलो नाही.

गुरुवार, १३ जून

सामान भरतोय. पाकिटाचं काय करू?

मार्चमध्ये आलं. तपकिरी, पत्ता टाईप केलेला, पाठवणाऱ्याचं नाव नाही, टपालाचा शिक्का पुसट झालेला. आत एकच कागद. आमच्या लेखिकाबाईंचं अक्षर! ते उजवीकडे कलणारं अक्षर मी झोपेतही ओळखीन. १९४६चा ऑगस्ट. पुस्तकाची चित्रं काढणाऱ्या बाईंना लिहिलेलं पत्र. 'तुम्ही वासराबद्दल विचारलंत. अहो, खरंच वासरू होतं! हॅग एंडच्या धक्क्यावर बांधलेलं, तपकिरी, नाव बिस्किट. आम्ही तिथेच उतरायचो. चित्रात त्याला नक्की घ्या.'

कागदाच्या मागे पेन्सिलीचं चित्र. वासरू. त्याचा दोर धरून एक पोरगा. गुडघ्यापर्यंत आलेले मोठ्या माणसाचे बूट, केस उभे. खाली लिहिलंय: 'बिस्किट आणि त्याचा मालक.'

महायुद्धानंतर कागदाची टंचाई होती, ते चित्र पुस्तकात छापलंच गेलं नाही. छापलं असतं तर माझी पंचेचाळीस पानं जन्माला आली नसती.

पाठवलं कुणी असेल? चित्रकारबाईंच्या वारसांपैकी कुणीतरी घर आवरताना सापडलं म्हणून पाठवलं असणार. नकाशाप्रमुख म्हणून माझा पत्ता प्रत्येक वार्तापत्रात असतो. काय पाठवलंय ते त्यांना कळलंही नसेल. कळलं असतं तर एव्हाना कुणीतरी विचारलं असतं. तीन महिन्यांत कुणी विचारलेलं नाही.

एप्रिलमध्ये सांगणार होतो. तेवढ्यात मंडळानं ठरवलं की मी शोधलेल्या जागेवर दगड बसवायचा. हिरव्या स्लेटचा, कोरीव अक्षरांचा. म्हटलं, मेमध्ये सांगू. मेमध्ये दगड कोरून आला. या रविवारी त्याचं अनावरण. खाली माझं नाव आहे.

ठरलं. रविवारच्या आत सांगायचं. पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. ऑड्रीनं आल्याचा केक दिला, "पहिल्या दिवशीच संपवू नकोस" म्हणून बजावलं.

शुक्रवार, १४ जून

पोचलो. पाऊस, ऊन, परत पाऊस. चौदा होड्या काठाला लागल्यात, नऊ तंबू, बाकी आमच्यासारखी गुडघे गेलेली मंडळी वसतिगृहात. दर वर्षी हा पहिला तास मला सगळ्यात आवडतो. यंदा मान वळवून वळवून माणसं शोधत होतो.

चार वाजता दिसला. काठावरच्या बाकावर. शहाऐंशीचा झालाय. कोट तोच वाटला. नसेल, पण वाटला.

मीच पुढे गेलो. एवढं तरी केलं.

"जॉस. मी मर्विन पॅजेट. ओळखलंत?"

मान वाकडी केली, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघितलं. "आवाज वळखला, मास्तर. डोळं गेल्यात. मधलं दिसत न्हाई, कडंकडंचं दिसतं. माणसाकडं बघायचं तर त्याच्या बाजूला बघाय लागतं."

"कसे आहात?"

"हाय की. म्हशीसारखा." आणि हसला.

म्हशीसारखा! मुद्दाम म्हणाला की सहज? मी ऑड्रीचा केक पुढे केला. त्यानं एक तुकडा घेतला, चाचपून बघितला, खाल्ला. "बायकोनं केलाय का? सुगरण हाय."

तेव्हाच सांगायचं होतं. बाकावर आम्ही दोघंच होतो. पत्र खिशात होतं, छातीला टोचत होतं. मी विचारलं काय? "यंदा मेंढ्या किती आहेत?"

त्यानं सांगितलं. पावणेतीनशे. आता नातू बघतो.

शनिवार, १५ जून, सकाळ

नकाशाप्रमुखाची फेरी. तीस लोक माझ्यामागे छत्र्या घेऊन. मी काठीनं खडक दाखवला: "ते वासरू." सगळ्यांनी फोटो काढले. टॅम्सिन नावाची एक नवी मुलगी आहे, लीड्समध्ये बेकरीत काम करते. माझी पंचेचाळीस पानं तिनं तीनदा वाचलीत! म्हणाली, "सर, तुमच्यामुळे मला कळलं की वाचणं म्हणजे शोधणं असतं." असं कुणी म्हटलं की एरवी मी आठवडाभर त्यावर जगतो.

आज "अगं, चुकलंही असेल," म्हणालो.

"काय हो सर, किती विनय!"

विनय म्हणे.

शनिवार, संध्याकाळ

जेवण साडेपाचला. शेडच्या सगळ्या खिडक्यांतून ऊन आत. फिलिपानं मला मुख्य टेबलावर बसवलं आणि माझ्या उजवीकडे जॉस! "दोन्ही म्हातारे एकत्र, मला लक्ष ठेवायला बरं."

वाटाण्याचं सूप झालं.  मग फिलिपानं घंटा वाजवली, सगळे उठले.  जॉस उठला नाही तर बरं, असं वाटलं. तो उठला. खुर्चीच्या पाठीला धरून, हळूहळू.

आणि सगळे हंबरले. दोनशे माणसं. हम्माऽऽ. मुलं टेबलावर उभी राहून. मीही तोंड उघडलं. आवाज काढला की नाही, आठवत नाही. नाही, आठवतंय. काढला.

जॉस मान वाकडी करून ऐकत होता.

हसणं ओसरलं तेव्हा टॅम्सिननं समोरून त्याला विचारलं, "आजोबा, तुम्ही इथलेच ना? ही हंबरायची पद्धत कशी पडली हो?"

"मला काय ठाव, पोरी. मास्तरांना इचार. जुनं जाणतं त्येच हायेत."

ती माझ्याकडे वळली. फिलिपाही. जॉसनं माझ्या कानाच्या बाजूला बघितलं, म्हणजे माझ्याकडेच.

मी म्हणालो, "फार जुनी प्रथा आहे. नक्की कुणी सुरू केली, सांगता यायचं नाही."

हे मी म्हणालो. हे माझे शब्द. भूगोलाच्या वर्गात पोरांनी खोटं बोललं की मला त्यांच्या मानेवरून कळायचं. माझी मान आज कशी दिसत असेल?

जॉसनं फक्त मान डोलावली. मग म्हणाला, "एक सांगू का? वासरू असं वरडत न्हाई."

"मग कसं?" टॅम्सिन.

"पोट भरलं असलं की गप असतं. आई लांबच्या रानात गेली म्हंजे वरडतं. ते असं." आणि त्यानं आवाज काढला. बारीक, घोगरा, शेवटी वर जाणारा. शेडमधल्या बडबडीतून तो आवाज आरपार गेला.  मग टाळ्या! फिलिपा ओरडली, "जॉस, पुढच्या वर्षी तूच सुरुवात करायची!"

मला पुढचं काही खाता आलं नाही. जॉसनं गोड पदार्थ संपूर्ण खाल्ला. सव्वीस वर्षांपूर्वीचा राहिला होता.

रविवार, १६ जून, पहाट

आज. अनावरणाआधी. फिलिपाला बाजूला घ्यायचं, पत्र हातात द्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

रविवार, दुपार

वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहितोय. हातांना धुराचा वास येतोय. दोनदा धुतले.

क्रमानं लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

नवाला फिलिपा यादी घेऊन धक्क्यावर. कोण कुठल्या होडीत. मी तिच्याकडे गेलो. "फिलिपा, जरा दोन मिनिटं—"

"भाषण ना? तीन मिनिटं, मर्विन. चौथं सुरू झालं की घंटा. आणि जॉसला तुझ्या होडीत घे. सगळ्यात वडील माणसानं कापड ओढायचं, तो मान त्याचा. चल, वारा आहे तोवर!"

म्हणजे माझ्या दगडावरचं कापड जॉस ओढणार. मी तोंड उघडलं होतं. ती तोवर पुढच्या होडीपाशी ओरडत होती. खरं तर मी तिचा हात धरू शकलो असतो.

होडीत आम्ही दोघंच. एवढा मोकळा वेळ पुन्हा कधी मिळणार होता? अर्धा तास! जॉसनं सुकाणू मागितलं. म्हटलं, दिसत नाही ना? म्हणाला, "वारं काय डोळ्यानं बघायचं असतं व्हय? गालावर कळतं." आणि माझ्यापेक्षा सरळ हाकली. मी शिडाचा दोर धरून बसलो, शिकाऊ पोरासारखा.

लांब बेट मागे पडलं. जॉसनं विचारलं, "खडक आला का?"

"आला."

"कंच्या हाताला?"

"डाव्या," मी म्हणालो.

"बरं." त्यानं सुकाणू जरा सैल केलं. "मास्तर, तुमचा पत्ता त्या वार्तापत्रात असतो, न्हाई का? लोकं जुनं-पानं धाडत असतील तुमाला. चिठ्ठ्याचपाट्या."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. पण म्हातारा सहज बोलत होता, होड्यांविषयी बोलावं तसं. मी म्हणालो, "येतात अधूनमधून. जाहिरातीच जास्त."

"हां. जाहिरातीच लई झाल्यात," तो म्हणाला आणि होडी काठाकडे वळवली.

दगड. हिरवा, ओला, सुरेख. माझं भाषण तीन मिनिटांच्या आत संपलं. फिलिपाला आश्चर्य वाटलं. जॉसला दोघांनी धरून नेलं, त्यानं कापड ओढलं. अक्षरं त्याला दिसेनात, म्हणून बोटांनी वाचली. एकेक अक्षर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. 'वासरू डाव्या हाताला ठेवून पेविट येथे काठाला लागली.' खाली: 'स्थाननिश्चिती: मर्विन पॅजेट.' माझ्या आडनावावर बोट थांबलं. म्हणाला, "कोरलंय झकास. शंभर वर्सं हलायचं न्हाई."

टाळ्या. टॅम्सिन रडली.

मग चहा. आमची रीत अशी की समारोपाचा चहा किटलीत, काठावरच्या उघड्या जाळावर, पुस्तकातल्यासारखा. पण रात्रभर पावसानं लाकूड भिजलेलं. चार काड्यापेट्या संपल्या, नुसता धूर. सगळे गारठलेले, कप घेऊन उभे. फिलिपा गुडघ्यांवर बसून फुंकत होती. वैतागून ओरडली, "अरे, कागद आहे का कुणाकडे? कोरडा कागद!"

सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. पावसातून आलेली माणसं, कुणाकडे काय कोरडं असणार?

माझ्याकडे होता. आतल्या खिशात.

मी विचार केला असं लिहायला आवडलं असतं. काही विचार केला नाही. हात खिशात गेला, बाहेर आला, पुढे झाला. फिलिपानं न बघता घेतला, चोळामोळा केला, लाकडाखाली खुपसला. काडी लावली. एक बूट दिसला. पेन्सिलीचा, मोठा. मग तोही गेला.

झटकन पेटलं. सगळ्यांनी "हुर्रे!" केलं.

जॉस जाळाच्या अगदी जवळ, घडीच्या खुर्चीवर, हात शेकत. त्याला कुणीतरी पहिला कप दिला. म्हणाला, "जुना कागुद असणार. नव्याला असा जाळ धरत न्हाई."

"कुणाचा होता?" फिलिपानं सहज विचारलं.

"माझा," मी म्हणालो. "कामाचा नव्हता."

दोन दिवसांत माझ्या तोंडून पहिल्यांदाच कुणी न ढकलता उत्तर आलं, आणि तेही हे.

निघताना जॉसनं माझा हात हातात घेतला. त्याचे गरम होते, जाळाने. सोडेना. "मास्तर, काय सांगायचं राहिलं न्हाई ना?"

"नाही हो. पुढच्या वर्षी या नक्की."

"बघू. शहाऐंशीला पुढचं वर्स कोण धरतं?" त्यानं माझ्या कानाच्या बाजूला बघितलं. मग नातू गाडी घेऊन आला.

सोमवार, १७ जून

घरी. आमच्या केटरिंग गावात ऊन. ऑड्रीनं कोट झटकला, आतला खिसा उलटा केला. "यात काहीतरी घेऊन गेला होतास ना? सारखा हात लावत होतास."

"काही नाही. भाषणाचे कागद."

"कसं झालं भाषण?"

"आटोपशीर."

ती माझ्याकडे बघत राहिली. सरळ, मधोमध. मला जॉसचं कडेकडेनं बघणं परवडलं असतं.

मंगळवार, १८ जून

स्वतःशी वकिली चालू आहे. एक: पत्र एका माणसानं एका माणसाला लिहिलेलं, खासगी. दोन: दगड कोरून झाला होता. तीन: दोनशे लोकांचा आनंद. चार: जॉसला काय फरक पडतो, त्याला तर ठाऊकच आहे ते वासरू कुठे होतं.

चौथ्यापाशी आलो आणि पेन खाली ठेवलं. त्याला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. आता दुसऱ्या कुणाला कधी ठाऊक होणार नाही. हेच मी केलंय.

गुरुवार, २० जून

फिलिपानं फोटो पाठवले. दगडावर हात ठेवून जॉस. मागे मी, हसतोय. छान हसलोय.

शनिवार, २२ जून

तिसरं पुस्तक काढलं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच दहा पानांच्या पुढे गेलो नाही. त्या चार भावंडांचा एक नियम आहे: होडीच्या रोजनिशीत खोटं लिहायचं नाही. मी शाळेतल्या वह्यांच्या पहिल्या पानावर तो नियम लिहून घ्यायचो. पोरं कंटाळायची.

फिलिपाला पत्र लिहायला घेतलं. सगळं लिहायचं ठरवून. 'प्रिय फिलिपा, दगडाच्या बाबतीत' एवढं झालं. पण पुरावा कुठे आहे? ती विचारणारच, पत्र दाखव. मी काय दाखवू, किटली?

फाडलं.

मंगळवार, २५ जून

टपाल अकराला. तपकिरी पाकीट. तेच टाईप केलेलं अक्षर. शिक्का स्वच्छ. 

आत हॅग एंडहून चिठ्ठी. जॉसनं सांगितलेली, नातीनं लिहिलेली:

'मास्तर, मार्चमधलं पाकीट माझंच. ती चित्रकार बाई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे उतरली होती, जाताना तिनं तो कागद मला दिला. पुढे तो आईच्या पेटीत पडून होता. तुम्ही हसलात त्या वर्षी सापडत नव्हता, यंदा सापडला. नाव मुद्दाम घातलं नाही. मी सांगितलं तर पुन्हा हसतील, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. आणि ज्याचं चुकलं त्यानंच सुधारलं की त्याला कमी लागतं, असं वाटलं. तुम्हाला जमलं नाही, राहू द्या. दगड चांगला आहे, असू दे तिथे. फक्त तो कागद परत पाठवा. लहानपणीचा माझा फोटो घरात एकही नाही. तेवढं एक चित्र आहे. नात चौकटीत लावणार आहे. घाई नाही.'

ऑड्रीला ही वही पहिल्या पानापासून वाचून दाखवली. 

उद्या सकाळी हॅग एंडला जायला गाडी काढतो. पोस्टानं पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.